अर्धा वंचक

जानेवारीत सकाळी पावणेसातला कवडीपाटला पोचलं की डोळ्यांच्या आधी नाकाला नदी कळते. सगळ्या पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा इथवर आलेली असते. सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकलं की थोड्या वेळाने डावीकडे नदीकडे उतरायचं. तिथल्या ठेंगण्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं आणि खाली पांढरा फेस साचतो. वारं सुटलं की त्याचे गोळे उडतात. जलपर्णीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, कधी एखादी निर्माल्याची थैली. आणि या सगळ्या घाणीत पक्षी असतात, भरपूर. बंधाऱ्याच्या काठावर शेपटी वरखाली करत धोबी धावतात. उथळ पाण्यात शेकाटे उभे असतात. पलीकडच्या चिखलावर लडाख-तिबेटकडून आलेले चक्रवाक जोडीजोडीने बसलेले असतात. वर नदी सुरय पाण्याकडे मान घालून फेऱ्या मारत असतो.

माझं गिऱ्हाईक मात्र ठरलेलं आहे: वंचक. कुणी त्याला ढोकरी म्हणतं, कुणी भुरा बगळा. बसला की मातकट, पाठ चिखलाच्या रंगाची, मानेवर तपकिरी रेघा. पाच हातांवर असला तरी दिसत नाही. उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र, आणि मग आपल्यालाच वाटतं, हा एवढा वेळ होता कुठे? फसवणारा म्हणून वंचक. नव्या माणसाने चित्र काढायला मात्र याच्यासारखा सज्जन पक्षी नाही, कारण तो उभा राहतो. धोबी उभा राहत नाही, शिंपी तर एका फांदीवर दोन श्वास टिकत नाही. वंचक दहा-दहा मिनिटं एका दगडावर काढतो.

मी चित्रकार नाही. पोटापाण्याचं काम हिशेबाचं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, तेवढंच शिक्षण. त्या परीक्षांत वस्तुचित्र असायचं आणि स्मरणचित्र असायचं. वस्तुचित्राला समोर टेबलावर तांब्या, एखादं फळ, मागे चुण्या पडलेलं कापड. जे दिसतं ते काढा. स्मरणचित्राला विषय यायचा: भाजीवाली, पावसातला बसस्टॉप, बैलपोळा. तिथे समोर काहीच नसे. आम्ही सगळे चार-पाच आकृत्या घोकून जायचो. बसलेली बाई, छत्री घेतलेला माणूस, पाठमोरा मुलगा. विषय कुठलाही येवो, त्याच आकृत्या इकडून तिकडे. आणि सरांचा एक मंत्र होता: कागद मोकळा सोडू नका, मार्क जातात.

पक्षी काढायला लागल्यावर लक्षात आलं, की या कामात वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांच्यामध्ये जेमतेम दोन सेकंदांचं अंतर असतं.

ते असं. गळ्यात दुर्बीण, आठ बाय बेचाळीसची. म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. गुडघ्यावर वही, उजव्या हातात 4बी पेन्सिल. दुर्बिणीतून पाहिलं: मान अशी, चोच अशी. दुर्बीण खाली केली, डोळे कागदावर आणले, रेघ ओढली. ही रेघ कुठून आली? पक्षी आता नजरेसमोर नाही. रेघ आठवणीतून आली. तेवढ्यात मनात बसलेला घोकलेला बगळा पुढे होतो आणि म्हणतो, थांब, मी सांगतो मान कशी असते. पुस्तकांतले, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरचे, कुठल्याशा साबणाच्या वेष्टनावरचे सगळे बगळे मिळून तयार झालेला हा एक सरासरी बगळा असतो. त्याला बाजूला सारणं हेच निम्मं काम.

म्हणून पहिली पाच मिनिटं पेन्सिल खिशातच ठेवायची. नुसतं बघायचं. पाच मिनिटांत पक्ष्याचं वेळापत्रक कळतं. वंचकाचं बघा. आधी मान खांद्यांत घालून, पोक काढून तो बसतो, थंडीत शाल गुंडाळून कट्ट्यावर बसलेल्या आजोबांसारखा. मग पाण्यात काहीतरी हलतं. आता मान इतक्या हळू पुढे येते, की ती हलते आहे हे कळत नाही, मघापेक्षा लांब झाली आहे एवढंच कळतं. अंग पुढे कलतं, पाठ पाण्याला समांतर होते. मग झडप. मासा मिळो न मिळो, एक अंग झाडणं. दोन पावलं मागे. पुन्हा पोक. या चार अवस्था फिरून फिरून येतात.

हे कळलं की कागदावर एक चित्र सुरू करायचं नाही, चार करायची. पोकाची रेघ इथे, कलण्याची रेघ तिथे. पक्ष्याने अवस्था बदलली की आपणही चित्र बदलायचं. तो पोकावर परत आला की आपण पहिल्या चित्रावर परत. सुरुवातीला पक्षी हलला की मी चिडायचो आणि पान उलटायचो. वहीत पन्नास पानं आणि प्रत्येक पानावर एकेक अर्धवट डोकं. आता एका पानावर दहा अर्धवट वंचक असतात आणि त्यांतले दोन-तीन तासाभरात जवळपास पुरे होतात.

पहिली रेघ चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत, एकच, सरळ किंवा थोडी वाकलेली. तिचा कल चुकला तर पुढचं सगळं चुकलं. ती ओढल्यावर हात ताणून पेन्सिल पक्ष्यासमोर धरायची, कोन मोजायचा, तोच कोन कागदावर आणायचा. मग अंगाचं एक अंडं, डोक्याचं छोटं अंडं. मग पाय. पायांची गंमत अशी, की पक्ष्याचा गुडघा मागे वाकतो असं आपल्याला वाटतं. तो गुडघा नसतोच, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. आपण ज्याला पाऊल म्हणतो ती नुसती बोटं. पक्षी जन्मभर चवड्यांवर उभा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पाय पोटाला काड्या खोचल्यासारखे दिसत नाहीत. आणि बोटं अंगाच्या भाराखाली यायला हवीत. नाहीतर चित्रातला पक्षी पुढच्या क्षणी तोंडावर पडणार असं वाटत राहतं.

मान सगळ्यांत अवघड. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्याही सातच. बगळ्यांच्या कुळात वीसेक. त्यांतल्या सहाव्याची घडण निराळी, म्हणून त्यांची मान गोल वळण घेत नाही, एका जागी दुमडते. मी कितीतरी महिने वंचकाची मान सापासारखी गुळगुळीत वळवत होतो आणि काय बिघडतंय ते समजत नव्हतं. एका सकाळी तो माझ्या बाजूला तोंड करून, ऊन अंगावर घेऊन उभा राहिला, तेव्हा ती दुमड स्पष्ट दिसली. दोरी नव्हे, ती कोपर होती. त्या दिवशी मी दुसरं काही काढलं नाही, नुसत्या माना. बावीस माना.

खोडरबर नेत नाही. चुकीची रेघ पुसली की ती कुठे चुकली हेही पुसलं जातं. शेजारी दुसरी ओढायची. आणि जे पेन्सिलला जमत नाही ते लिहून ठेवायचं. माझ्या वहीत चित्रांपेक्षा नोंदी जास्त असतील: 'चोच पिवळी, टोक काळं. डोळा चोचीच्या मुळाला चिकटून. पाय मळकट हिरवट. ऊन डावीकडून. छातीवरच्या रेघा वर बारीक, खाली जाड.'

आता एक फजिती सांगतो. तेव्हा मला वहीचा अभिमान वाटायला लागला होता. बंधाऱ्याशी एक काका नेहमी भेटायचे. डोक्याला माकडटोपी, खांद्याला शबनम, दुर्बीण माझ्या वयाची. त्यांना मी शेकाट्याचं चित्र दाखवलं. शेकाट्या म्हणजे काळे पंख, पांढरं पोट आणि गुलाबी लांबच लांब पाय. पाय मी मन लावून काढले होते, खाली बोटं, नखंसुद्धा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"हा कुठे उभा होता?"

"पाण्यात. त्या तिकडे."

"किती पाण्यात?"

मी हाताने दाखवलं. घोट्यापर्यंत असेल.

"मग बोटं तुम्हाला दिसली कशी?"

मी हसलो. म्हटलं, "काका, बोटं असणारच ना."

"असणार. पण तुम्ही चार काढलीत. शेकाट्याला मागचं बोट नसतं." त्यांनी वही परत दिली. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "दिसलं नाही तिथे पाणी काढायचं होतं, साहेब."

घरी येऊन पाहिलं. खरंच तीन बोटं असतात, तिन्ही पुढे. चौथं बोट मी शाळेतून आणलं होतं. पक्ष्याला चार बोटं, तीन पुढे एक मागे, हे घोकलेलं स्मरणचित्र. कागद मोकळा दिसला आणि मी भरला. नदीवर एकटा बगळाच वंचक होता असं नाही.

त्या दिवसापासून नियम केला. पाण्याखालचं काढायचं नाही. पानाआडचं काढायचं नाही. पक्षी उडाला तेव्हा रेघ जिथे होती तिथे थांबवायची. घरी जाऊन ती पुरी करायची नाही. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात शिवशिवतो.

पुऱ्या चित्राचा हा मोह जुनाच आहे, आणि त्याची किंमत बहुधा पक्ष्याने मोजली आहे. अमेरिकेतल्या पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या जॉन जेम्स ऑड्यूबॉनचा ग्रंथ 1827 ते 1838 या काळात छापला गेला. त्यात 435 मोठमोठी चित्रं, प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराएवढा. त्यासाठी तो पक्षी मारून आणायचा, चौकटी आखलेल्या फळीवर तारा खुपसून त्याला जिवंत असल्यासारखा उभा करायचा आणि चौकटी मोजत काढायचा. त्याचा रोहित पक्षी पाहिला तर मान खाली वाकवलेली दिसते. एवढा उंच पक्षी खऱ्या आकारात त्या कागदावर मावायला दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडे जहांगीराच्या दरबारी उस्ताद मन्सूर होता. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र' म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय अशी पदवी दिली होती. त्याने काढलेला सैबेरियन क्रौंच आजही कोलकात्यात आहे. युरोपच्या शास्त्राने त्या पक्ष्याचं वर्णन नोंदवलं ते 1773 साली, मन्सूरनंतर शतकाहून अधिक काळाने. पुढे त्याच कोलकात्यात 1777 पासून लेडी मेरी इम्पी यांनी घरी पक्षी पाळले आणि शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास या पाटण्याकडच्या तीन चित्रकारांना त्या पक्ष्यांसमोर बसवलं. झैनुद्दीनची चित्रं छापील पानावर पाहतानाही मला हेवा वाटतो. त्याचा पक्षी पिंजऱ्यातला का होईना, उद्या सकाळी तिथेच असणार होता.

आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असूनही पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांत अजून हाताने काढलेली चित्रं असतात, याचं लोकांना नवल वाटतं. भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवरचं ग्रिमेट आणि इन्स्किप यांचं जाडजूड पुस्तक उघडा. त्यातल्या चित्रकारांत गोव्याचे कार्ल डिसिल्व्हा आहेत. फोटोत एक पक्षी, एका उजेडात, एका वळणावर असतो. मानेवरचा पट्टा सावलीत गेला तर गेला. चित्रकार मात्र नर, मादी, पिल्लू, हिवाळ्यातला, विणीतला असे सगळे एका पानावर, एका बाजूला तोंड करून, सारख्या उजेडात उभे करू शकतो. ती चित्रं पुरी असायलाच हवीत. एक बोट कमी पडलं तर कुणीतरी पक्षी चुकीचा ओळखेल. पण त्या पुस्तकातला वंचक म्हणजे सगळे वंचक. माझ्या वहीतला एकच आहे, परवा मंगळवारी आठ वाजता बंधाऱ्याच्या तिसऱ्या दगडावर उभा असलेला. त्याच्याबद्दल मला जेवढं ठाऊक तेवढंच मी सांगू शकतो.

रंगाचं काम घरी, रविवारी दुपारी. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जलरंगाच्या ट्यूबा, तीन कुंचले, पाण्याचे दोन पेले. कागद तीनशे ग्रॅमचा लागतो, पातळ कागद ओला झाला की पापडासारखा वर येतो. हातकागदाच्या मोहात पडून एकदा जाड, सुंदर ताव आणला. त्याला खळ कमी होती. ब्रश टेकवताच रंग शाईच्या डागासारखा पसरला आणि वंचकाचं घुबड झालं.

वंचकाच्या पाठीला यलो ऑकर आणि बर्न्ट अंबर, त्यात किंचित अल्ट्रामरीन, नाहीतर तो चिखल न वाटता चॉकलेट वाटतो. आधी एक पातळ हात सगळ्या पाठीवर. तो ओलसर असतानाच खालच्या बाजूला गडद रंग सोडायचा, म्हणजे अंगाला गोलाई येते. रेघा पूर्ण वाळल्यावर. त्या सगळ्या काढायच्या नाहीत. उन्हाकडच्या बाजूला चार-दोन, सावलीत जराशा जास्त, बाकीच्या बघणाऱ्याचा डोळा काढतो.

उडणारा वंचक काढायचा तर त्याहून वेगळी कसरत. पंख पांढरे, आणि जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. तेव्हा पक्षी रंगवायचाच नाही. त्याच्याभोवतीचं गढूळ हिरवं पाणी रंगवायचं, पंखाच्या कडेपर्यंत आणून थांबायचं. पाण्याचा रंग चढत जातो तसतसा पक्षी आपोआप उजळतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा सरांची आठवण झाली. मोकळा सोडलेला कागदच पक्षी झाला होता, आणि मार्क कापायला कुणी नव्हतं.

खंड्याने मात्र पुष्कळ निळा रंग खाल्ला. ट्यूबमधला निळा पाठीवर जसाच्या तसा लावला की तो मातीच्या बोळक्यासारखा दिसायचा. याचं कारण पिसातच आहे. पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून विखुरतो तेव्हा निळा दिसतो. निळं पीस कुटून भुगा केला तर निळा जातो. म्हणून बाभळीच्या सावलीतला खंड्या मळका दिसतो आणि उन्हात आला की पेटतो. तो पेट रंगात नाही, उजेडात आहे. आता मी डोक्याचा तपकिरी आणि मागची फांदी मुद्दाम मंद ठेवतो, पाठीवर निळा अगदी पातळ लावतो आणि मध्ये एक-दोन ठिकाणी कागद कोरा सोडतो.

मे-जूनमध्ये वंचक बदलतो. पाठीवर गडद लालसर काळी तलम पिसं येतात, डोक्यामागे लांब तुरा, चोचीच्या मुळाशी निळसर छटा. हिवाळ्यात शाल पांघरून बसणारे आजोबा एकदम वरातीला निघाल्यासारखे. मग शहरातल्याच एखाद्या मोठ्या झाडावर काटक्यांची घरटी होतात. तेव्हा मी झाडाखाली वही घेऊन बसत नाही. माणूस खाली ठाण मांडून बसला की आई-बाप घरट्यावर यायला कचरतात आणि तेवढ्यात कावळा काम साधतो. चित्रापायी अंडं जायला नको. रस्त्यापलीकडून जेवढं दिसेल तेवढं. फांदी, पानं आणि त्यांत एक चोच. तशी तीन पानं आहेत वहीत.

गेल्या हिवाळ्यात भिगवणला गेलो, उजनी धरणाच्या जलाशयावर. कुंभारगावाहून मासेमारांच्या होड्या पक्षी बघायला नेतात. बहुतेकांना रोहित हवे असतात, थव्याने उभे असलेले गुलाबी. आमची होडी त्यांच्यापासून लांब, चिखलाच्या एका पट्टीशी थांबवायला सांगितली. होडीवाल्याने बांबू चिखलात रोवला, तंबाखू मळली आणि माझ्याकडे बघत बसला. तासाभराने त्याला राहवलं नाही.

"सर, बघू का?"

वही दिली. वहीच्या मागे मी एक रंगवलेलं चित्र ठेवलं होतं, लोकांना दाखवायला. वंचकच. तीन रविवार घालवून केलेलं. पाठीचं पीस न् पीस, मागे जलपर्णी, पाण्यात प्रतिबिंब, चारही कोपरे भरलेले. ते त्याने लांब धरून पाहिलं.

"चांगलं आलंय. ह्यो कुठला म्हणायचा?"

मी नाव सांगणार, तोवर त्याने पानं उलटायला सुरुवात केली होती. कवडीपाटच्या एका पानावर तो थांबला. त्यावर एक चोच, दुमडलेली मान, खांद्याची निम्मी रेघ होती. पाठ नाही, पाय नाहीत. पायांच्या जागी पाण्याची एक आडवी रेघ. त्याने त्यावर तंबाखूचं बोट न लावता, वरूनच फिरवलं.

"ही ढोकरी," तो म्हणाला. "हिला मासा दिसलाय. आता मारतीय बघा."

त्याने नुसत्या मानेच्या कलावरून ओळखलं होतं. आणि तिने खरंच मारला होता. म्हणून तर ते चित्र तिथे थांबलं होतं.